टाळी, गाद्या आणि संगणक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नव्या घराचा ताबा मिळाला की रिकाम्या खोलीत आपण सहज काहीतरी बोलतो आणि आपलाच आवाज घुमून परत येतो. मग गाद्या, कपाटं, पडदे येतात, माणसं येतात आणि घुमणं थांबतं. अनुभव सगळ्यांचाच, पण या घुमण्याचा, म्हणजे निनादाचा, आकडा काढायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालय उभं राहिलं. तिथल्या व्याख्यानगृहात वक्त्याचा एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन आदळत. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे दुखणं वॉलेस सॅबिन या २७ वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या अध्यापकांच्या गळ्यात घातलं.

सॅबिन यांच्याकडे साधनं ती किती? ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदणारं यंत्र आणि स्वतःचे कान. रात्री रस्ते शांत झाले की काम सुरू. नळी वाजवायची, एकदम बंद करायची आणि सूर ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ नोंदायचा. मग जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या उचलून आणायच्या, पुन्हा मोजायचं, आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. शेवटी जमीन, बाकं, मागची भिंत गाद्यांनी झाकली, तेव्हा निनाद सव्वा सेकंदाच्याही खाली आला.

मधेच एक घोळ झाला. आकड्यांत बारीक फरक पडू लागले. शोध घेतला, तर गुन्हेगार निघाले सॅबिन यांचेच कपडे! जाड-पातळ कपड्यांप्रमाणे तेही आवाज कमी-जास्त शोषत होते. या गृहस्थांनी तीन हजारांहून अधिक नोंदी रद्द केल्या आणि पुढे प्रत्येक प्रयोगाला ठरावीक कपडेच घातले. मला विचाराल तर त्यांच्या सूत्रापेक्षा हीच गोष्ट मोठी. सूत्र मात्र सोपं आहे: खोली जितकी मोठी तितका निनाद लांब, शोषण जितकं जास्त तितका आखूड. त्याच्या आधारे आधी गणित करून बांधलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० मध्ये उघडला आणि आजही तो जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

प्रश्न सुटला असं वाटलं होतं. पण १९६२ मध्ये न्यूयॉर्कला फिलहार्मोनिक हॉल उघडला आणि तक्रारी सुरू झाल्या. खर्जाचे सूर ऐकूच येत नाहीत, असं वादक-श्रोते म्हणू लागले. तपासाला आले बेल प्रयोगशाळेचे मॅन्फ्रेड श्रोडर आणि सहकारी. त्यांत भारतातून गेलेले बिष्णू अटल होते. त्यांनी सभागृहात आवाजाचे छोटे ठोके सोडले, त्यांना मिळालेलं उत्तर ध्वनिमुद्रित केलं आणि ते संगणकाकडून तपासून घेतलं. नुसता निनाद किती सेकंद, हे पुरेसं नव्हतं; पहिला परावर्तित आवाज कुठून, कधी आणि कोणत्या पट्टीतला येतो, हे कळायला हवं होतं. दोष सापडला तो छताखाली टांगलेल्या फलकांत. उंच सूर त्यांवरून परतत, खर्जाच्या लांब लहरी मात्र पुरेशा परतत नव्हत्या. १९७६ मध्ये सभागृह आतून पार उखडून सिरिल हॅरिस यांनी नवं केलं. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या टाटा थिएटरचं ध्वनिनियोजन याच हॅरिस यांचं. ते १९८० मध्ये सुरू झालं.

ठोक्यासाठी कुणी पिस्तुलाचा बार काढत, कुणी फुगा फोडत. पण दोन बार कधी हुबेहूब सारखे नसतात. २००० साली इटलीतल्या पार्मा विद्यापीठाचे आंजेलो फारिना यांनी वेगळी वाट पुढे आणली. ध्वनिक्षेपकातून खर्जापासून थेट वर चढत जाणारा एक सलग सूर वाजवायचा, मायक्रोफोनने टिपायचा आणि त्यातून ठोक्याचं उत्तर गणिताने काढायचं काम सॉफ्टवेअरवर सोपवायचं. आज हे साध्या लॅपटॉपवर होतं.

त्या नोंदीची किंमत पॅरिसला कळली. नोत्र-दामच्या प्रार्थनामंदिरात ब्रायन कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच ध्वनिमोजणी करून ठेवली होती. १५ एप्रिल २०१९ ला छप्पर जळालं, घुमटाकार कमानींना भगदाडं पडली. दगड-लाकडाची मापं पुष्कळांकडे होती. तिथे आवाज कसा घुमत असे, याचं माप या मंडळींकडे होतं. डिसेंबर २०२४ मध्ये दारं पुन्हा उघडली, तेव्हा नवा निनाद ताडून पाहायला जुना निनाद संगणकात शाबूत होता.