तळटीप : ‘ड्रॉप’मध्ये मिळालेले नाव
१. डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, कोणी कायमचे विकत घेत नाही. ते मुदतीने नोंदवायचे असते. ग्राहक ज्याच्याकडे पैसे भरतो तो रजिस्ट्रार. ‘.कॉम’च्या सगळ्या नावांची मूळ नोंदवही सांभाळते ती रजिस्ट्री, म्हणजे व्हेरिसाइन. मुदत संपली म्हणून नाव त्याच दिवशी मोकळे होत नाही. रजिस्ट्रारने ते काढून टाकल्यावरही ३० दिवस जुन्या धारकाला बरेच जादा शुल्क भरून सोडवता येते. पुढचे ५ दिवस त्या नावाला कोणालाच हात लावता येत नाही, मग ते खुले होते. हाच ‘ड्रॉप’. त्या क्षणी संगणकांकरवी मागण्यांचा भडिमार करून नाव पटकावणाऱ्या कंपन्या आहेत. अर्थात बरीच मोक्याची नावे इथवर पोचतच नाहीत, रजिस्ट्रार ती आधीच लिलावात काढतात. दुसऱ्याच्या नावारूपाला आलेल्या ट्रेडमार्कचे डोमेन अडकवून त्यालाच चढ्या भावाने विकणे मात्र व्यापार नव्हे, सरळसरळ बळकावणे आहे. डोमेन नावांनाही ट्रेडमार्कविषयक कायद्याची तत्त्वे लागू होतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात दिला. पुढील पानावरचा ‘ऑथ कोड’ म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याची किल्ली; पैसे एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाकडे, जमा झाल्यावरच जाणता विक्रेता ती देतो.