उन्हाळा आणि डोळ्यांतील स्नेह

वैशाखाच्या दुपारीं वर्तमानपत्राचे दोन रकाने वाचून होतात न होतात तोंच डोळ्यांत वाळूचे कण गेल्यासारखें वाटूं लागतें, हा अनुभव श्रोत्यांपैकीं पुष्कळांस असेल. मला तो सेवानिवृत्तीनंतर आला. न्हाणीघरांत जावें आणि डोळ्यांवर थंड पाण्याचे हबके मारावे, हा मीं स्वतःसाठीं ठरविलेला उपाय. घटकाभर बरें वाटे आणि पुन्हां तेंच. असें कां व्हावें याचा शोध घेऊं लागलों तेव्हां आढळलें कीं, या क्षुल्लक दिसणाऱ्या विकाराला फार जुना इतिहास आहे, आणि त्यांत पाण्याइतकेंच तेलालाहि स्थान आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचे ७६ रोग वर्णिले आहेत. त्यांत ‘शुष्काक्षिपाक’ नांवाचा एक आहे. पापण्या रूक्ष व कठीण होतात, डोळे उघडण्यास कष्ट पडतात, दृष्टि गढूळ होते, अशीं त्याचीं लक्षणें; आणि उपचारांत भर आहे तो स्नेहावर. पोटांत घेण्यास तूप, नेत्रतर्पणास तूप, नाकांत तेल. ग्रंथकारांस अश्रूंची घटना ठाऊक होती असें मी म्हणणार नाहीं. जुन्या पोथींत सारी नवी विद्या शोधण्याची आपल्याकडील हौस मला मानवत नाहीं. परंतु कोरडेपणा म्हणजे केवळ पाण्याचा अभाव नव्हे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

त्यानंतर पुष्कळ शतकें लोटलीं. १६६६ सालीं हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानें पापण्यांच्या आंतील बारीक ग्रंथींच्या रांगांचें वर्णन प्रसिद्ध केलें. या ग्रंथींतून तेलकट द्रव्य पाझरतें व तें अश्रूंवर अत्यंत तलम थर धरतें. आमटीवर तेलाचा तवंग असला म्हणजे तिची वाफ कमी जाते, तसाच हा प्रकार. उन्हाळ्यांत कोरडा वारा, डोक्यावरचा पंखा किंवा वातानुकूलित खोली हा तवंग अपुरा पाडतात. त्यांत आपण वाचतांना पापण्या मिटावयाच्याच विसरतों. मग हबके मारून काय होणार?

१९०३ मध्यें ऑटो शिर्मर यानें टिपकागदाची पट्टी खालच्या पापणींत अडकवून ती पांच मिनिटांत किती भिजते हें मोजण्याची रीत सांगितली. ती आजहि प्रचारांत आहे.

स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन याची कथा मात्र माझ्यासारख्या मास्तराच्या मनास लागणारी आहे. १९३३ सालीं स्टॉकहोम येथें त्यानें आपला प्रबंध सादर केला. त्यांत डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांची हकीकत होती, आणि त्यांपैकीं १३ जणींना जुनाट संधिवात होता. डोळ्यांचा कोरडेपणा हें सबंध शरीरांतील रोगाचें चिन्ह असूं शकतें, असें त्यावरून दिसत होतें. परीक्षकांनीं प्रबंधास पुरेशी श्रेणी दिली नाहीं. विद्यापीठांतील अध्यापनाचा मार्ग त्यास बंद झाला. १९४३ मध्यें प्रबंधाचें इंग्रजी भाषांतर झालें आणि पुढें त्या रोगास त्याचेंच नांव मिळालें. मीं हजारों उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. हा भाग वाचतांना अवघडल्यासारखें झालें.

तेव्हां डोळ्यांबरोबर तोंडासहि कोरड पडत असेल, सांधे दुखत असतील, तर उन्हाळ्यास दोष देऊन स्वस्थ बसूं नये. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. जुन्या ग्रंथाच्या भरंवशावर घरचें तूप डोळ्यांत घालूं नये. सुरम्यांत शिसें सांपडलेलें आहे, तोहि वर्ज्य. आणि दुसऱ्याच्या औषधाची बाटली तर कधींच उचलूं नये. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं दुसऱ्यास दिलेले स्टेरॉइडचे थेंब कित्येक महिने वापरले. डोळ्यांची लाली गेली खरी; पण आंतला दाब वाढत गेला आणि एका डोळ्याची बाजूची दृष्टि कायमची गेली.

मला डॉक्टरांनीं कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले, पंख्याचा झोत तोंडावर घेऊं नका म्हणून सांगितलें, आणि स्वच्छ फडकें सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत भिजवून मिटलेल्या पापण्यांवर पांच मिनिटें ठेवावयास सांगितलें, म्हणजे ग्रंथींत थिजलेला स्नेह पातळ होतो. वैशाखांत शेक घेणारा मनुष्य म्हणून घरांत माझी थट्टा होते. होवो, संध्याकाळीं आतां दोन रकान्यांऐवजीं सबंध अंक वाचून होतो.