संगणक विषाणूनिवारण
वैयक्तिक संगणकात शिरलेली घातक प्रणाली शोधून काढून टाकण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात या कामाने पुण्यात मूळ धरले. कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात येणारे बाधित संगणक पाहून धाकटे बंधू संजय यांनी विषाणू हटवणाऱ्या प्रणाली लिहिल्या; त्यांतूनच ‘क्विक हील’ ही कंपनी उभी राहिली. विषाणूमुळे पेनड्राइव्हमधले फोल्डर अचानक शॉर्टकट झालेले दिसले, तर मूळ फाइली बहुधा लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात. घाईने फॉरमॅट मारला की खरे नुकसान होते. संगणक बाधित झाल्यास आधी इंटरनेट तोडावे, सेफ मोडमध्ये पूर्ण तपासणी करावी, पासवर्ड दुसऱ्या निर्धोक संगणकावरून बदलावेत. खंडणीखोर प्रणालीने कुलूपबंद केलेल्या फाइलींसाठी मात्र वेगळी ठेवलेली प्रत हाच भरवशाचा उपाय. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून निवारणाची साधने मोफत देते.