काँटेसाचे सस्पेन्शन : शहरी रस्त्यांसाठी सुधारणा आणि कायद्याची चौकट

बेंगळुरू : भारतीय ‘मसल कार’ म्हटले की हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचे नाव पुढे येते. ही उपाधी तिला लाभली ती लांब बॉनेट आणि रुंद बांध्यामुळे. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या गाडीचे १.५ लिटर इंजिन जेमतेम ५० अश्वशक्तीचे होते, हे चाहते सोयीस्करपणे विसरतात. पुढे इसुझूचे १.८ लिटर इंजिन आले आणि गाडीला तिच्या रूपाला साजेसा वेग मिळाला. २००२ मध्ये उत्पादन थांबले. जतन केलेल्या काँटेसांचे मालक आता वळणावरचा झोल आणि खड्ड्यातले हिसके कमी करण्यासाठी सस्पेन्शनकडे वळतात.

मूळ आराखडा १९७२ च्या ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. पुढच्या चाकांना स्वतंत्र डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे दोन्ही चाकांना जोडणारी सलग आस. अशा आसेमुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही हादरा बसतो. होसूर रस्त्यावरील उन्नत मार्गाच्या सांध्यांवरून वेगाने आलेली गाडी सिल्क बोर्ड चौकात उतरताच खड्डे आणि गतिरोधकांत सापडते. बेंगळुरूत सस्पेन्शनला एकाच फेरीत ही दोन्ही कामे करावी लागतात.

गाडी खाली बसवण्याचा मोह येथेच महागात पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. प्रत्यक्षात गल्लीबोळांतले अनेक उंचवटे याहून आखूड आणि उभे असतात. स्प्रिंग कापून उंची कमी केली तर पोट घासतेच. शिवाय वेढे कमी झाल्याने स्प्रिंग अधिक कडक होते आणि चाकाला वर-खाली होण्यास जागा उरत नाही.

खर्चाची सुरुवात रबरी बुशपासून करणे शहाणपणाचे. दोन-तीन दशकांत रबर चिरते, चाक आपली दिशा सोडते आणि दोष मात्र स्प्रिंगच्या माथी मारला जातो. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असले, तरी ते रस्त्याची थरथर आत पोहोचवतात. रोजच्या वापराला चांगल्या प्रतीचे रबर पुरते. बॉल जॉइंटमधील ढिलाई त्याच वेळी काढावी.

त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर. स्प्रिंग वजन पेलते, पण तिची उसळी शमवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एखाद्या हेलकाव्यात स्थिर व्हायला हवी. स्प्रिंग कडक आणि शॉक ॲब्सॉर्बर जुनेच, ही गॅरेजांत सर्रास दिसणारी जोडी सर्वांत वाईट. गाडी उसळत राहते आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड सुटते. वळणावरचा कल कमी करण्यासाठी अँटी-रोल बार थोडा जाड करता येतो. तो अती जाड झाला, तर एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला जातो. शेवटी व्हील अलाइनमेंट. ते आधी केले तर पैसे वाया.

सुटे भाग जे. सी. रोडवरील दुकानांत किंवा शिवाजीनगरच्या जुन्या मालाच्या बाजारात शोधता येतात. वापरलेला बॉल जॉइंट मात्र कितीही स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये.

कायद्याचा प्रश्न वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा नवा बसवणे ही देखभाल. चॅसिस कापणे किंवा दुसऱ्या गाडीचे संपूर्ण सस्पेन्शन जोडणे ही वेगळी गोष्ट.

‘व्हिंटेज’ दर्जाचा आधारही सध्या नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी वाहन ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात हवे, म्हणजे १९८४ च्या काँटेसालाही २०३४ पर्यंत थांबावे लागेल. हा दर्जा मिळालेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तोपर्यंत १५ वर्षे उलटलेल्या खासगी गाडीप्रमाणे तिला योग्यता तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. बदललेल्या भागांची बिले त्या वेळी हाताशी असलेली बरी.