रोबॉट शस्त्रक्रिया : साहाय्यक व प्रशिक्षण
रोबॉटच्या साहाय्याने करावयाच्या शस्त्रक्रियेत मुख्य शस्त्रक्रियाविशारद रुग्णापासून काही अंतरावर नियंत्रण-मंचाशी बसतो. त्याचा साहाय्यक मात्र निर्जंतुक पोशाखात रुग्णाजवळ उभा असतो. या अंतरामुळे शस्त्रक्रिया शिकविण्याच्या परंपरागत पद्धतीत फरक पडला व साहाय्यकाच्या कार्यास नवे महत्त्व आले.

बॉल्टिमोर येथे १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम स्ट्यूअर्ट हॉल्स्टेड यांनी टप्प्याटप्प्याने जबाबदारी सोपविणारी प्रशिक्षणपद्धती रूढ केली. गुरू व शिष्य एकाच टेबलाशी उभे असल्याने शिष्य चुकू लागताच गुरूला त्याचा हात आवरता येई. २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘दा विंची’ या यंत्रणेस दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. सुरुवातीस या यंत्रणेत एकच मंच असे. शिष्याला संधी द्यावयाची, तर गुरूला आसन सोडून तोंडी सूचनांवर भागवावे लागे. अशा वेळी रुग्णाजवळचा अनुभवी साहाय्यक हाच मोठा आधार ठरे.

साहाय्यक पोटात नळ्या बसवितो, यंत्राचे बाहू त्यांना जोडतो, उपकरणे बदलतो, रक्त शोषून घेतो, ऊतके (पेशीसमूह) बाजूस धरतो आणि सुया आतबाहेर करतो. बाहू एकमेकांवर आदळू लागल्यास तेही प्रथम त्याच्याच ध्यानात येते. नवशिक्याचा वेग मंद असला, तरी दृश्य स्वच्छ राहिल्याने त्याला काम पुरे करता येते व गुरूला त्याच्या हालचालींकडे लक्ष देता येते. अनावर रक्तस्राव झाल्यास उपकरणे काढून बाहू दूर करणे व पोट उघडण्याची सिद्धता करणे हेही साहाय्यकाचे काम असते. म्हणून मंच व टेबल या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नवशिके ठेवणे धोक्याचे असते.

साहाय्यकाचे काम हीच शिक्षणाची पहिली पायरीही आहे. शरीररचना, नळ्यांच्या जागा व शस्त्रक्रियेचा क्रम शिष्य येथे शिकतो. तथापि मंचावरील हस्तकौशल्य केवळ जवळ उभे राहून येत नाही. २००९ मध्ये याच यंत्रणेच्या नव्या प्रकारात दुसऱ्या मंचाची सोय झाली व गुरूला नियंत्रण तत्काळ परत घेणे शक्य झाले. तरीही दोघे रुग्णापासून दूरच बसतात. त्यामुळे रुग्णाजवळच्या कुशल हातांची गरज कायम राहिली आहे.