गावात चालण्याचा गट : फायदे काय, सुरू कसा करायचा?

डहाणू/तलासरी : आम्ही दिवसभर शेतात राबतो, मग वेगळं चालायला कशाला हवं? चालण्याच्या गटाचा विषय काढला की पाड्यावर पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न चुकीचा नाही. लावणी, कापणी, झोडणीच्या दिवसांत ज्याचा घाम निघतो, त्याला त्या दिवशी आणखी चालायची गरज नसते.

पण वर्षाचे सगळे दिवस तसे नसतात आणि घरातली सगळी माणसंही शेतात नसतात. पूर्वी बाजाराला, पाहुण्यांकडे, महालक्ष्मीच्या जत्रेला लोक पायी जायचे. आता नाक्यापर्यंत जायलाही मोटारसायकल नाहीतर टमटम लागते. दुकानात बसणारा, रिक्षा चालवणारा, वापी-उंबरगावच्या कंपनीत मशीनवर उभा राहणारा, घरी नातवंडं सांभाळणारी आजी यांचं चालणं फारच कमी झालंय.

शुगर, बीपी आता शहरापुरते नाहीत

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रमाण शहरात जास्त असलं तरी गावंही यातून सुटलेली नाहीत. रक्तदाब तर बऱ्याचदा काहीच त्रास न देता वाढत राहतो. अंगावर काढायची सवय असलेल्या माणसाला तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल करावी. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम गती ओळखायची खूण सोपी आहे : चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

एकट्याने चाललं तर चालत नाही का?

चालतं की. पण एकटा माणूस चार दिवस जातो, पाचव्या दिवशी पाऊस येतो, सहाव्या दिवशी कंटाळा. गटात तसं होत नाही, कारण बाहेर कोणीतरी वाट बघत असतं. तारप्याच्या नाचात हेच दिसतं. कमरेला हात घालून साखळी धरली की म्हाताऱ्याचे पायही रात्रभर थकत नाहीत. तोच माणूस एकटा कितीसा नाचेल?

याचा अभ्यासही झाला आहे. ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १४ देशांतले ४२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात गटाने चालणारे १,८४३ लोक होते. या लोकांचा वरचा रक्तदाब सरासरी ३.७ अंकांनी आणि खालचा ३.१ अंकांनी उतरला. शरीरातली चरबी आणि मनाची उदासीनता कमी झाली. सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सुमारे ८० मीटरने वाढलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोक शेवटपर्यंत गटात टिकले. सगळ्यांचं मिळून ७४ हजार तास चालणं झालं, त्यात पडण्याच्या फक्त थोड्या, किरकोळ घटना घडल्या. रक्तदाबातली घट आकड्यात लहान वाटते, पण ती फक्त चालून मिळालेली आहे. मात्र म्हणून चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आपल्या भागात आणखी एक फायदा

दिवाळी झाली की अनेक घरांतली कर्ती माणसं वीटभट्टीवर किंवा बोटीवर खलाशी म्हणून बाहेर जातात. पाड्यावर मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. अशा वेळी घरात कोणी आजारी पडलं तर दोन-दोन दिवस कळत नाही. रोजचा गट असला की सकाळी हजेरी आपोआप होते. आज काकी आल्या नाहीत म्हटलं की परतताना कोणीतरी त्यांच्या दारात डोकावतो. औषधगोळीत न मिळणारा हा फायदा आहे. बायकांनाही पहाटे किंवा संध्याकाळी एकटीने निघायचा जो धाक असतो, तो चार-पाच जणी मिळून गेल्या की राहत नाही.

गट कसा सुरू कराल?

• पाच-सहा जण पुरे. पैसे, नोंदणी, गणवेश काही लागत नाही.

• जमायची जागा आणि वेळ एकच ठेवा : समाजमंदिर, शाळेचं मैदान किंवा पाड्याचा नाका.

• व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, पण ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना जाताना हाक मारा.

• पहिल्या आठवड्यात १० मिनिटंच चाला. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो.

• सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. मागे कोणी सुटणार नाही.

• सुरुवातीलाच आशाताईंना सांगा. तीस वर्षांवरील लोकांची बीपी आणि शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. गटाने एकदम गेलात तर भीडही वाटत नाही.

कुठे चालावं?

डहाणूच्या किनाऱ्यावर नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या गावांना ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू चालायला चांगली. भरतीची वेळ मात्र विचारून निघा. आतल्या गावांत चिकूच्या वाड्यांमधले रस्ते सावलीचे आहेत. चारोटी, दापचरी, तलासरी भागात मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेने चालणं टाळा, पाड्यांना जोडणारे आतले रस्ते धरा. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एका रांगेत चाला. अंधारात फिक्या रंगाचे कपडे आणि हातात बॅटरी हवीच. पावसाळ्यात गवतातली पायवाट सोडा, विंचू-सापाची भीती असते. मोठा पाऊस असेल तर शाळेच्या पडवीत फेऱ्या मारल्या तरी चालतं.

कोणी काळजी घ्यायची?

सिकलसेल आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. जास्त दमणं, पाणी कमी पडणं आणि थंडी यामुळे त्यांच्या वेदना उसळू शकतात. सावकाश चाला, पाण्याची बाटली जवळ ठेवा, थंडीत अंग झाका. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, घरी आल्यावर तळपाय बघा आणि खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवा. घाम सुटून हातपाय थरथरू लागले तर तो लगेच खा. चैत्र-वैशाखात सकाळी आठच्या आत चालणं उरका.

चालताना छातीत दुखलं, धाप लागली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा आणि १०८ नंबरला फोन लावा. गटात असलात तर हा फोन लावायला शेजारी माणूस असतो.

सुरुवात करायला मुहूर्त लागत नाही. आज संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर जाऊन एकाला विचारा. उद्या दोघं निघालात की परवा तिसरा येतो.