कुस्ती थांबवायची कुणी?

खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्यपदक महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मॅटशेजारी त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९५२ चं ऑलिंपिक. जपानच्या शोहाची इशीबरोबर दमछाक करणारी लढत झाली आणि लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमातच होती, पण ती मागून घ्यायला भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. या माणसाला तिथवर पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. आणि ऐन वेळी ‘थांबा, याला दम खाऊ द्या’ एवढं म्हणणारा माणूस मिळाला नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा तात्यांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून ऐकली. तात्या कराड तालुक्यातले. खाशाबांचं गोळेश्वर त्यांच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला तेव्हा भरतीत ते इकडे आले आणि पायलीपाड्यात खोली घेऊन राहिले. येताना ट्रंकेत लंगोट होताच. चार गाववाल्यांनी मिळून खोल्यांच्या मागे एक हौदा खणला. तांबडी माती गावाहून पोत्यांतून आली, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवलं गेलं. पहिली काही वर्षं तिथे फक्त घाटावरची पोरं उतरायची. मग कोळीवाड्यातली आली. १९७६ साली जनता कॉलनी अणुकेंद्रासाठी उठवून सगळा संसार चिता कॅम्पात हलवला, त्यानंतर तिथलीही पोरं येऊ लागली. त्यात मराठी न येणारे बरेच होते, पण पट काढायला आणि ढाक मारायला भाषा लागत नाही. मी त्याच मातीत वाढलो, पुढे क्रीडाशिक्षक झालो आणि उपनगरातल्या शालेय कुस्त्यांत पंच म्हणून शिट्टी वाजवत राहिलो. माझं सगळं आयुष्य एकाच प्रश्नाभोवती गेलं असं म्हटलं तरी चालेल: पैलवान जायबंदी झाला, तर कुस्ती थांबवायची कुणी?

कारण पैलवान स्वतः थांबत नाही. चौदा वर्षांचा पोरगाही थांबत नाही. कोपर सुजून लिंबाएवढं झालं तरी ‘काही नाही सर, चालतंय’ म्हणतो. त्याच्या अंगात ते भिनवलेलंच असतं, आणि भिनवणारे आपणच असतो.

मातीवरच्या जुन्या मैदानात या प्रश्नाला लिखित उत्तर नव्हतं, पण उत्तर होतं. यात्रेचा फड सुरू होतो तो रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. लहान पोरं उतरतात, वजनकाटा नसतो, जाणता माणूस नजरेने जोड लावतो. हलगी वाजत असते. फेटा बांधलेला, मोडक्या कानांचा एखादा जुना पैलवान पंच म्हणून मध्ये फिरतो. कुणाचा खांदा निखळला, गुडघा फिरला, की तो हात वर करून हलगी थांबवायचा. मग दोन्हीकडचे वस्ताद हौद्यात यायचे. खांदा तिथेच बसवायचा प्रयत्न व्हायचा आणि बहुतेक वेळा कुस्ती बरोबरीत सोडवली जायची. इनाम दोघांत वाटून द्यायचे. जो उभा होता त्याला जिंकल्याचा पुकारा मिळत नसे, आणि बहुतेक जण तो मागतही नसत. पाठ मातीला लागली नाही तर जिंकलं काय, असा साधा हिशेब होता. चितपट केलं तरच निकाल.

तात्या या रीतीचे मोठे भक्त होते. मीही आहे, पण डोळे मिटून नाही. ही रीत टिकत होती ती पंच, वस्ताद आणि यात्रा कमिटी या तिघांच्या शहाणपणावर. त्यांपैकी एक जरी पैशाला किंवा गर्दीच्या आरोळीला भुलला, तरी जायबंदी पैलवानाला वाली नसे. निखळलेला खांदा जागेवरच ओढून बसवण्याने किती जणांचे हात कायमचे कामातून गेले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. मानेवरच्या दुखापतीत तर वस्तादाच्या अनुभवाचा काही उपयोग नसतो. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मैदानात विशीतला एक पैलवान मानेवर आपटला. काही दिवसांनी तो गेला. ती बातमी वाचल्यापासून आखाड्याशेजारी गाडी आणि डॉक्टर नसेल तर मी लहान पोराचीही जोड लावत नाही.

मॅट आली तसा कागद आला. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत, वजनाप्रमाणे, आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा चढत्या पायरीने होऊ लागल्या. लहान गटांत दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. बरोबरी उरलीच नाही. कुणीतरी पुढच्या फेरीत गेलाच पाहिजे, नाहीतर तक्ता पुढे सरकत नाही. त्यामुळे जो उठू शकत नाही तो हरला, आणि निकालपत्रकात दुसऱ्याच्या नावापुढे ‘पुढे चाल’ लिहिलं जातं. आंतरराष्ट्रीय नियमांत चितपट केलं, प्रतिस्पर्धी दुखापतीने थांबला किंवा तो आलाच नाही, तरी वर्गवारीचे गुण सारखेच मिळतात: पाच-शून्य. कागदाला तिन्हींतला फरक दिसत नाही.

पण त्याच कागदाने पोरांना जे दिलं ते मातीने कधीच दिलं नव्हतं. कुस्ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरकडे आला. पैलवानाची खुमखुमी आणि बापाची हौस त्याच्यापुढे चालत नाही. हात पाठीमागे नेऊन नव्वद अंशांपलीकडे मुरडायला बंदी आली. बेकायदा पकडीने समोरच्याला जायबंदी केलं आणि तो उठू शकला नाही, तर बाद होतो तो पकड घालणारा. जिंकतो तो पडलेला. अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्तीतही हेच तत्त्व आहे, आणि तिथे अशा जायबंदी पोराला सावरायला किती वेळ द्यायचा, तो दोन मिनिटांचा हिशेबही घड्याळ लावून ठरलेला असतो. मातीवर असा न्याय वस्तादांच्या भांडणातून मिळायचा, किंवा मिळायचाच नाही.

मोठ्या मॅटवर थांबण्याच्या या प्रश्नाची दोन टोकं आपण पाहिली आहेत. २०१९ साली नूर-सुलतानला दीपक पुनिया जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता. समोर इराणचा हसन याझदानी. दीपकचा घोटा सुजलेला, वय वीस, पुढच्याच वर्षी ऑलिंपिक होणार होतं. तो उतरला नाही, रौप्य घेतलं. तेव्हा नाकं मुरडणारे मी इथे ट्रॉम्बेतही पाहिले. माझ्या मते त्या वयात, त्या जागी ‘नाही’ म्हणणं हे कुठल्याही डावापेक्षा अवघड होतं. दुसरं टोक पॅरिसचं, २०२४. निशा दहिया उत्तर कोरियाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आठ-एक अशी पुढे होती. तिच्या हाताला दुखापत झाली, ती रडत रडत लढली आणि दहा-आठने हरली. टीव्हीसमोर बसलेले सगळे तिच्या जिद्दीला टाळ्या वाजवत होते. मी पंच आहे. मला फक्त तिचा लोंबता हात दिसत होता. समोरच्या मुलीने गुण घेतले यात तिची चूक नाही, नियम तिला थांबायला सांगत नव्हता. पण त्या दिवशी निशाला बाजूला काढलं असतं तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आता खिलाडूवृत्तीचं. हा शब्द शाळेच्या भाषणांत इतका वापरला जातो की पोरांच्या कानावरून निघून जातो. त्यांना तो डोळ्यांनी दाखवावा लागतो. २०१६ च्या रिओत विनेश फोगाटचा गुडघा चीनच्या सून यानानशी लढताना गेला आणि विनेशला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सून यानान तेव्हा जिंकल्याचा आनंद करत फिरली नाही. विनेशपाशी थांबली, डोळ्यांत पाणी आणून. ती चित्रफीत मी दर वर्षी नव्या पोरांना दाखवतो.

आणि एक आमच्याच इथली गोष्ट सांगतो. ट्रॉम्बेतल्या एका सभागृहात शालेय कुस्त्या लावल्या होत्या, सतरा वर्षांखालचा गट. कोळीवाड्यातल्या एका पोराने पट काढला, समोरचा आडवा पडताना त्याने हात टेकला आणि कोपर निखळलं. मी शिट्टी फुंकली. डॉक्टरीणबाई आल्या, हात बघितला आणि मान हलवली. मी उभ्या असलेल्या पोराचा हात वर केला, मॅट चेअरमनने पत्रकावर सही केली. सगळं नियमाप्रमाणे. आता बर्फ हवा होता, आणि बर्फ नव्हता. प्रथमोपचाराच्या पेटीत दोन बँडेजं, एक मलम आणि कापसाचा गुंडाळा. जिंकलेला पोरगा तसाच, अंगावरच्या लाल पोशाखात, अनवाणी, दारातून बाहेर पळाला. मला वाटलं बापाला सांगायला गेला. दहा मिनिटांनी परत आला तो प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा चुरा घेऊन. बंदरावर त्याची आई मासळी घेऊन बसायची, तिच्या पेटीतून उचललेला. बर्फाला बोंबलाचा वास येत होता. त्याने टॉवेलात गुंडाळून तो त्या पोराच्या कोपरावर धरला आणि पुढच्या फेरीसाठी त्याच्या नावाचा पुकारा होईपर्यंत धरून बसला. पुढच्या फेरीत तो हरला. हात गारठले होते, पकड बसत नव्हती.

या पोराला हे कुणी शिकवलं? त्याच्या वस्तादाने. तो वस्ताद तात्यांच्या हौद्यात माझ्याबरोबर घाम गाळलेला. त्या तालमीत एकच सक्ती होती: ज्याला पाडलं त्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या अंगावरची माती आपण झाडायची. सराव असो वा मैदान.

‘पुढे चाल’ची एक वाईट बाजूही आहे, तीही लिहायला हवी. खोटी दुखापत. एकाच तालमीतली दोन पोरं अंतिम फेरीत आली की प्रशिक्षक आधीच ठरवतो विभागाला कोण जाणार, आणि दुसरा सकाळी गुडघ्याला पट्टी बांधून येतो. कधी समोरचा फार तगडा असतो. आपल्या पोराची पाठ लागलेली चारचौघांत दिसू नये म्हणून त्याचं पोट दुखायला लागतं. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण असतात, त्यांचा हिशेब काही पालकांच्या डोक्यात मुलाच्या कुस्तीपेक्षा पक्का असतो. जुन्या काळी नुरा कुस्ती होती, ठरवून खेळलेली. प्रेक्षक ती ओळखायचे आणि मैदानातून उठून जायचे. कागदावरची नुरा कुणाला ओळखू येत नाही. २०१७ ला इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुशील कुमारला उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही फेऱ्यांत पुढे चाल मिळाली आणि सुवर्णपदक गळ्यात पडलं. कुणाची दुखापत खरी, कुणाची आदरापोटी, याचा न्याय मी इथून करत नाही. पण त्यानंतर कितीतरी पोरांनी मला विचारलं, ‘सर, न लढता सोनं मिळतं?’ आणि या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही.

आणि राग. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी (मॅट) विभागात शिवराज राक्षेने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड शेवटचे काही सेकंद उरले असताना मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाचा निर्णय चुकला होता की नव्हता, यावर आजही चहाच्या टपरीवर वाद होतात. मला त्या वादात रस नाही. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारींनी पहिली महाराष्ट्र केसरी जिंकली, तेव्हापासून या किताबाची गदा गावोगावच्या पोरांचं स्वप्न आहे. ती मिळवायला निघालेला पैलवान पंचाला लाथ मारतो, हे त्या पोरांनी मोबाइलवर शंभर वेळा पाहिलं. सून यानानची चित्रफीत मला त्यांना शोधून दाखवावी लागते.

म्हणून शाळांना, क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. डॉक्टर हजर नसेल तर कुस्ती लावू नका, मग प्रमुख पाहुणे कितीही मोठे असोत. प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी बर्फाची पेटी ठेवा. खोटी दुखापत सांगणाऱ्या प्रशिक्षकाच्या पत्रकावर पंचांनी डॉक्टरचा शेरा मागावा, न मिळाल्यास पोराला दुखापतीच्या नाही, गैरहजेरीच्या रकान्यात टाकावं. आणि तुमचं पोर जायबंदी होऊन बाहेर आलं, तर घरी नेताना रस्त्यात ‘अजून एक मिनिट काढायचं होतंस’ असं त्याला म्हणू नका.